खिशाला परवडणारी लिंक्स गोल्फची सहल: डंडीत मुक्काम, बस-रेल्वेने प्रवास

स्कॉटलंडमध्ये गोल्फ खेळायला जायचं म्हटलं की दोन आकडे आधी घाबरवतात. एक सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सची ग्रीन फी, म्हणजे एक फेरी खेळण्याचे पैसे, जी उन्हाळ्यात तीनशे पौंडांच्या वर असते. दुसरा टूर कंपनीचं कोटेशन. त्यात गाडी, ड्रायव्हर आणि मैदानाला लागून असलेलं हॉटेल असं सगळं घातलेलं असतं. हे दोन्ही आकडे बाजूला ठेवा. समुद्रकाठच्या वाळूवरचं, म्हणजे ‘लिंक्स’वरचं, अस्सल गोल्फ त्याहून पुष्कळ कमी खर्चात खेळता येतं, आणि गाडीची गरज जवळजवळ पडत नाही.

याचं कारण तिथल्या जमिनीच्या इतिहासात आहे. शेत आणि समुद्र यांच्या मधली वाळूची पट्टी पिकाला निरुपयोगी होती. तिथे मेंढ्या चरत, गावकरी कपडे वाळत घालत आणि गोल्फ खेळत. यातले बरेच पट्टे आजही सार्वजनिक आहेत. सेंट अँड्र्यूजची सातही मैदानं एक ट्रस्ट चालवतो, आणि तो 1974 मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाला. जवळच्या कार्नूस्टी गावाचं मैदानही सार्वजनिक आहे. शिवाय एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे रूळ याच सपाट किनाऱ्याने टाकले गेले, त्यामुळे कितीतरी मैदानं स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पैसे खरे कुठे जातात? प्रसिद्ध मैदान, प्रसिद्ध गाव आणि भाड्याची गाडी, या तीन ठिकाणी. तिन्हींना पर्याय आहेत.

हा लेख पूर्व किनाऱ्याच्या एकाच भागाबद्दल आहे: डंडी शहर आणि त्याच्या आसपासची मैदानं. पश्चिमेला ग्लासगो ते एअर या रेल्वेमार्गावरही अशीच सहल होते. ट्रून स्टेशनजवळ नगरपालिकेचे कोर्स आहेत, आणि पुढे प्रेस्टविकला 1860 ची पहिली ओपन (ब्रिटिश ओपन) स्पर्धा झाली ते मैदान स्टेशनाला खेटून आहे. पण पहिल्याच सहलीत दोन्ही किनारे करायला जाऊ नका. अर्धी सहल गाड्या बदलण्यात जाईल.

आधी महिना ठरवा

जून-जुलैमध्ये सेंट अँड्र्यूजला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. याचा सरळ फायदा असा की दुपारी चारनंतर सुरू केलेली फेरीसुद्धा उजेडात पूर्ण होते, आणि बऱ्याच ठिकाणी संध्याकाळचा दर कमी असतो. मात्र राहण्याचे भाव याच महिन्यांत सर्वांत चढे असतात. माझं मत एप्रिलचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबरचा पूर्वार्ध. ग्रीन फी उतरलेली असते, मैदान टणक असतं आणि एप्रिलमध्ये गॉर्सची काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी भरलेली असतात. थंडी असते, पण ती कपड्यांनी निभावते. नोव्हेंबर ते मार्च सर्वांत स्वस्त. पण तेव्हा दिवस लहान असतो आणि ओल्ड कोर्ससारख्या ठिकाणी फेअरवेवर (होलकडे नेणाऱ्या आखूड गवताच्या पट्ट्यावर) चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो. पहिल्या सहलीसाठी ते नको.

भारतातून जाणाऱ्यांनी व्हिसाचा हिशेब याच वेळी करावा. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो, युरोपचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणाऱ्या कोणत्याही गोष्टीवर पैसे भरू नका.

मुक्काम डंडीत टाका

सेंट अँड्र्यूज हे विद्यापीठाचं छोटं, देखणं आणि महाग गाव आहे. टे नदीच्या मुखावर, पलीकडच्या काठाला डंडी हे शहर आहे. एके काळी ज्यूटच्या गिरण्यांचं, आता कामकऱ्यांचं आणि विद्यार्थ्यांचं. पर्यटक तिथे सहसा राहत नाहीत, म्हणून खोल्या स्वस्त पडतात. आपल्या दृष्टीने त्याची जागाच मोलाची: दक्षिणेला सेंट अँड्र्यूज, पूर्वेला मोनिफीथ आणि कार्नूस्टी, त्यापुढे आर्ब्रोथ आणि माँट्रोज. सगळं रेल्वे किंवा बसच्या एका टप्प्यात.

खोली घेताना रेल्वे स्टेशन आणि बस स्थानक दोन्ही पायी गाठता येतील अशी घ्या. दोन्ही शहराच्या मध्यातच आहेत. जून ते ऑगस्टमध्ये जात असाल तर विद्यापीठांच्या वसतिगृहांतल्या रिकाम्या खोल्याही पाहा, सुट्टीत त्या भाड्याने देतात. स्वयंपाकघर मिळालं तर उत्तमच. भारतातून खाऊ नेताना मात्र एक लक्षात ठेवा: दूध-तुपाचे पदार्थ आणि मांसाहारी पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे चिवडा, चकली, भाजणी चालेल. पेढे आणि तुपातले लाडू घरीच ठेवा.

पोचायचं कसं? भारतातून एडिंबराला एका थांब्याने विमान मिळतं. विमानतळावरून ट्राम पकडून हेमार्केट स्टेशनला उतरा आणि तिथूनच डंडीची रेल्वेगाडी घ्या, शहरात आणखी आत जायचं कारण नाही. गाडीला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. वाटेत 1890 चा फोर्थ पूल आणि डंडीत शिरताना टे पूल लागतो, तेव्हा खिडकी सोडू नका. लंडनमध्ये राहणाऱ्यांना रात्रीची कॅलेडोनियन स्लीपर थेट डंडीला सोडते. पण ती हौसेची गोष्ट. स्वस्तात जायचं तर दिवसाच्या गाडीचं आगाऊ तिकीट आठवडे आधी घ्यायचं, किंवा लांब पल्ल्याची बस.

स्कॉटलंडमधल्या गाड्या चालवणारी स्कॉटरेल 2022 पासून सरकारी आहे, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून तिने गर्दीच्या वेळचं जादा भाडं कायमचं बंद केलं. सकाळी सातची गाडी घेतली तरी तोच दर, आणि सकाळचा टी टाइम (खेळ सुरू करायची ठरवून घेतलेली वेळ) घेणाऱ्याला याचा चांगलाच फायदा होतो. तिथे शिकणाऱ्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट: स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या 22 वर्षांखालच्या सगळ्यांना कार्डावर बसप्रवास मोफत आहे. डंडी, एडिंबरा किंवा सेंट अँड्र्यूजला आपल्याकडचे विद्यार्थी असतातच. त्यांनी हे कार्ड पहिल्याच महिन्यात काढावं.

टी टाइम आधी, तिकीट नंतर

क्रम असा ठेवा: खोली, मग टी टाइम, मग गाडी. बहुतेक मैदानांचं बुकिंग त्यांच्या संकेतस्थळावर होतं. दोन अडचणी येतात. एक, शनिवारी सकाळी बऱ्याच क्लबांत सभासदांची स्पर्धा असते, तेव्हा पाहुण्यांना वेळ मिळत नाही. म्हणून गोल्फ सोमवार ते शुक्रवारात बसवा. दुसरी, एकट्या खेळाडूला ऑनलाइन वेळ दिसत नाही असं अनेकदा होतं. तेव्हा सरळ फोन करा किंवा ईमेल लिहा. दोघा-तिघांच्या गटात एकट्याला सामावून घेणं तिथे नेहमीचं आहे.

सकाळी नऊच्या टी टाइमसाठी आठ-सव्वाआठला मैदानावर पोचवणारी गाडी निवडा आणि तिच्या आधीचीही एक मिळते का ते पाहून ठेवा. एकच गाडी असलेल्या वेळेवर महागडी फेरी टांगून ठेवू नये.

कुठे खेळायचं

नव्या माणसाने कायम ध्यानात ठेवावं ते हे: प्रसिद्ध मैदानाला लागून, त्याच वाळूवर, त्याच वाऱ्यात, दुसरं आणि तिसरं मैदान असतं. त्याचा दर खूप कमी असतो.

कार्नूस्टीपासून सुरुवात करा. डंडीहून रेल्वेने पाव तासही लागत नाही. या मार्गावर ‘गोल्फ स्ट्रीट’ नावाचं स्टेशन आहे. नाव वाचून मोह होतो, पण तिथे दिवसातून मोजक्याच गाड्या थांबतात. मुकाट्याने कार्नूस्टी स्टेशनला उतरा आणि चालत जा. इथल्या चॅम्पियनशिप कोर्सवर अधूनमधून ओपन स्पर्धा होते. 1953 मध्ये बेन होगन इथेच जिंकला. 1999 मध्ये याच मैदानाच्या शेवटच्या होलला ज्याँ व्हान द वेल्डचा चेंडू बॅरी बर्न नावाच्या ओढ्यात गेला आणि हातात आलेली स्पर्धा निसटली. तिथेच बर्नसाइड आणि बडन हे आणखी दोन कोर्स आहेत. मी बर्नसाइड निवडेन. तो चॅम्पियनशिपच्या होलांमध्ये गुंतलेला आहे, ओढा तुम्हालाही आडवा येतोच, आणि खेळता खेळता मोठ्या मैदानाची भिंतीसारखी बंकरं (वाळूचे खड्डे) जवळून पाहता येतात. बडनच्या शेजारी लष्कराचा सरावाचा पट्टा आहे. फटक्यासाठी हात मागे नेताना गोळीबार ऐकू आला तर दचकू नका.

मोनिफीथ हे त्याच मार्गावर डंडीकडे अलीकडचं गाव. मेडल आणि अॅशलुडी हे दोन कोर्स इथे आहेत. मेडलचे सुरुवातीचे होल रेल्वेच्या कडेने जातात, उजवीकडे चेंडू वळवणाऱ्यांनी जपून. अॅशलुडी आखूड आणि स्वस्त आहे. आल्या दिवशी अंग मोकळं करायला तो पुरेसा.

माँट्रोज गाडीने साधारण अर्ध्या तासावर. स्टेशनपासून मैदान पंधरा-वीस मिनिटं चालत, गाव ओलांडून समुद्राकडे. 1562 मध्ये इथे गोल्फ खेळलं जात होतं अशी नोंद आहे, आणि मुख्य कोर्सला तोच आकडा नाव म्हणून दिलाय. सुरुवातीचे होल वाळूच्या टेकड्यांच्या कडेने, समुद्राला धरून जातात. या किनाऱ्याची धूप होते आहे, समुद्र मैदान खातो आहे, आणि होल मागे सरकवावे लागत आहेत. हे मैदान बघायचं असेल तर लवकर बघा. गर्दी कमी, लोक बोलके. एकच दिवस मोकळा असता तर मी तो माँट्रोजला दिला असता.

आता सेंट अँड्र्यूज. तिथलं रेल्वे स्टेशन 1969 मध्ये बंद झालं. जवळचं स्टेशन लूकर्स. पण डंडीहून थेट 99 क्रमांकाची बस आहे, ती टे रोड पुलावरून आणि लूकर्समार्गे जाते, आणि बस स्थानकापासून पहिला टी, म्हणजे खेळ सुरू करायची जागा, काही मिनिटांच्या चालीवर. न्यू कोर्स 1895 चा, ज्युबिली 1897 चा, ईडन 1914 चा. न्यू हा नाव नवं असूनही सव्वाशे वर्षांहून जुना, आणि माझ्या मते तिथला सर्वांत प्रामाणिक कोर्स: चांगल्या फटक्याचं फळ मिळतं. हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका मोठा तितका खेळ कच्चा) वीसच्या वर असेल तर स्ट्रॅथटायरम घ्या. तो छोटा आहे, बंकर थोडे आहेत, आणि दर ओल्ड कोर्सच्या पाव हिश्श्याहूनही कमी. अगदीच नवखे असाल तर नऊ होलांचा बालगोव्ह. यांतल्या कशालाही हँडिकॅपचं प्रमाणपत्र मागत नाहीत.

गोल्फ न खेळणारी मंडळी सोबत असतील तर त्यांना ‘हिमालया’वर न्या. हे पटिंगचं, म्हणजे चेंडू घरंगळवत होलात घालायचं, उंचसखल मैदान आहे, 1867 मध्ये स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबचं. थोडे पौंड दिले की पटर आणि चेंडू मिळतो. हरण्या-जिंकण्यात अनुभवाचा काही संबंध राहत नाही, त्यामुळे घरातली मंडळी खूश.

ओल्ड कोर्सचं काय?

मिळाला तर बोनस, असं धरून चला. दोन किंवा अधिक जणांच्या गटासाठी खेळण्याच्या दोन दिवस आधी सोडत असते. ऑनलाइन नाव घालायचं, निकाल त्याच दिवशी. एकट्या खेळाडूंना पूर्वी मध्यरात्रीपासून थंडीत रांग लावावी लागे. 2024 पासून ती बंद झाली. आता आदल्या दिवशी स्वतः जाऊन नाव नोंदवायचं आणि संध्याकाळच्या सोडतीची वाट पाहायची. ओळखपत्र आणि हँडिकॅपचा पुरावा जवळ हवा. आपल्या क्लबकडून जागतिक हँडिकॅप पद्धतीनुसार इंडेक्सचं प्रमाणपत्र निघण्याआधी घेऊन ठेवा. सोडतीसाठी नाव घालायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे रोज घाला. पण नंबर लागला तर त्या दिवशीच्या ग्रीन फीचे पैसे वेगळे काढलेले असावेत, नाहीतर उगाच जिवाची उलघाल.

नंबर लागलाच नाही तरी रविवार आहे. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि कुणीही त्यावरून फिरू शकतं. गावची माणसं कुत्र्यांना घेऊन येतात. स्विल्कन पूल ओलांडून आत जा आणि दोन-दोन होलांना सामाईक असलेली ती अवाढव्य ग्रीन्स (होलाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) पाहा. अशा जोडीच्या होलांच्या क्रमांकांची बेरीज 18 येते: दुसरं आणि सोळावं, तिसरं आणि पंधरावं. एकूण बंकर 112. टीवरून पाहताना यातले बरेच दिसतही नाहीत. खेळताना का फसायला होतं ते चालल्यावर कळतं. रविवारी बस कमी असतात, तेवढं वेळापत्रक आधी बघा.

बॅग अर्धी करा

सार्वजनिक वाहनांनी जायचं तर सगळा खेळ वजनाचा आहे. नियमाने 14 क्लब (गोल्फच्या काठ्या) नेता येतात, न्यायलाच हवेत असं नाही. ड्रायव्हर किंवा थ्री वूड, एक हायब्रिड, पाच, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, सँड वेज, पटर. हलकी स्टँड बॅग. बसमध्ये सामानाच्या जागेत उभी राहते, गाडीत दाराजवळच्या रॅकमध्ये आडवी. क्लबच्या डोक्यांवर टोपणं किंवा जुना टॉवेल गुंडाळा. विमानात बहुतेक कंपन्या गोल्फ बॅगला खेळाचं सामान धरतात. वजन आणि दर तिकीट काढण्याआधी तपासा. दोनच फेऱ्या खेळायच्या असतील तर तिथे भाड्याने क्लब घेणं स्वस्त पडू शकतं.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या क्लबांत कॅडीशिवाय (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाशिवाय) पाऊल टाकायची सवय नसते. तिथे सर्वसामान्य माणूस बॅग खांद्यावर टाकतो किंवा हाताने ढकलायची ट्रॉली भाड्याने घेतो. कॅडी मिळतो मोठ्या मैदानांवर, पण त्याचा खर्च वेगळा आणि चांगलाच. अंतर मोजणं, चेंडू शोधणं, बंकरची वाळू सारखी करणं, मारताना उडालेली ढेकळं जागेवर बसवणं, सगळं स्वतः करायचं. निघण्याआधी महिनाभर बॅग स्वतः उचलून खेळा. खांदे, पाय आणि निर्णय, तिन्हींची तयारी होते.

कपड्यांत काटकसर नको. खरोखर पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट, पातळ थरांचे कपडे, लोकरीची टोपी, पावसातले हातमोजे. पूर्व किनाऱ्यावर वसंतात आणि उन्हाळ्यात ‘हार’ नावाचं समुद्री धुकं अचानक येतं आणि मग समोरचा झेंडाही दिसत नाही. छत्री वाऱ्यात टिकत नाही, नेऊ नका.

मैदानावर

टी टाइमच्या वीस मिनिटं आधी स्टार्टरला, म्हणजे गटांना वेळेवर खेळायला सोडणाऱ्या माणसाला, भेटा. खेळ चार तासांच्या आत संपावा अशी अपेक्षा असते आणि तिथे ती गंभीरपणे घेतात. चेंडू शोधायला नियमाने तीन मिनिटं. गॉर्समध्ये गेलेला चेंडू सोडून द्या, त्या काट्यांत हात घालण्यापेक्षा एक पेनल्टी परवडते.

आपली मऊ, पाणी दिलेली मैदानं विसरा. इथे जमीन टणक आहे, चेंडू पडून पुढे धावतो. उंच उडवलेला वेज वाऱ्यात भरकटतो. ग्रीनच्या वीस यार्ड अलीकडून सात नंबरने घरंगळत सोडा, गवत आखूड असेल तर थेट पटर काढा. तिथले म्हातारे खेळाडू हेच करतात आणि तरुणांना हरवतात. समोरून वारा असेल तर मोठा क्लब घेऊन सावकाश मारा. जोर लावला की चेंडूची फिरकी वाढते आणि तो आणखी वर चढतो.

जेवणासाठी क्लबहाउसचं सूप आणि रोल स्वस्त आणि गरम. शाकाहारी लोकांनी मसुरीच्या सूपबद्दल मात्र जरूर विचारावं: पारंपरिक पद्धतीने ते डुकराच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात. मॅकरोनी चीज आणि भाजलेला बटाटा बहुतेक ठिकाणी मिळतो. मासे खात असाल तर आर्ब्रोथला उतरून तिथला धुरी दिलेला हॅडॉक, म्हणजे आर्ब्रोथ स्मोकी, गरम गरम खा. बांगड्यावर वाढलेल्या माणसालाही तो आवडेल.

एक दिवस जादा असेल तर

सेंट अँड्र्यूजहून 95 क्रमांकाची बस किनाऱ्याने क्रेल, अँस्ट्रदर, एली करत लेव्हनपर्यंत जाते. अँस्ट्रदरला नऊ होलांचा छोटा, उनाड कोर्स आहे. एलीला पहिल्या टीसमोर टेकाड असल्याने पुढचे लोक दिसत नाहीत, म्हणून स्टार्टरच्या खोपटात पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय. लेव्हनला 1969 मध्ये बंद झालेली रेल्वे 2 जून 2024 पासून पुन्हा सुरू झाली, त्यामुळे लेव्हनचं जुनं लिंक्स मैदान आता एडिंबराहून गाडीने गाठता येतं. डंडीहून निघालात तर कर्कॅल्डीला गाडी बदला.

परतीचं विमान एडिंबराहून असेल तर शेवटची रात्र तिथे काढा आणि सिटी बस नंबर 26 ने मसलबराला जा. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात नऊ होलांचं जुनं लिंक्स आहे, 1672 मध्ये इथे गोल्फ खेळल्याची नोंद आहे, आणि 1874 ते 1889 या काळात सहा ओपन स्पर्धा इथे झाल्या. तिथे हिकरी लाकडाच्या दांड्यांचे जुन्या पद्धतीचे क्लब भाड्याने मिळतात, म्हणजे स्वतःची बॅग आदल्या रात्रीच बांधून ठेवता येते. शर्यतीच्या दिवशी मैदान बंद असतं, तेवढी तारीख आधी पाहून घ्या.